हयातीचा दाखला : जगातील सर्वांत वयोवृद्ध माणसांची वही कशी ठेवावी

दर नोव्हेंबरात दादरच्या एका बँकेत पेन्शनरांची रांग लागते, आणि सेवानिवृत्तीपासून त्या रांगेत मीही असतो. मागे एकदा माझ्या पुढे उभ्या असलेल्या ब्याण्णव वर्षांच्या एका गृहस्थांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राने तीनदा नाकारला, कारण वयामुळे बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. गृहस्थ खिडकीसमोर उभे राहून खणखणीत आवाजात बोलत होते, आणि तरीही ते हयात असल्याचे कागदोपत्री सिद्ध होत नव्हते. अखेर जुना कागदी फॉर्म काढून, सही घेऊन काम उरकण्यात आले.

जगातील सर्वांत वयोवृद्ध माणसांची नोंद ठेवणे हे याच जातीचे काम आहे. येथे प्रत्येक माणसाबद्दल दोन गोष्टी कागदाने सिद्ध व्हाव्या लागतात : तो सांगितलेल्या तारखेला जन्मला होता, आणि तो आजही हयात आहे. पहिली गोष्ट एकदा तपासली की सहसा पुरते. दुसरी मात्र पुन्हा पुन्हा तपासावी लागते. मी नोकरीत असताना सेवापुस्तकांतील जन्मतारखा तपासण्याचे काम केले आणि २०२२ पासून हा छंद जोपासला, म्हणून या दोन्ही बाजूंविषयी थोडे अनुभवाने लिहितो.

प्रथम या यादीचा वेग ध्यानात घ्यावा. ती संथ असेल अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात तसे नाही. जपानच्या काने तनाका १९ एप्रिल २०२२ रोजी वारल्या, तेव्हा सर्वांत वयोवृद्ध हयात व्यक्तीचा मान फ्रान्समधील जोगीण ल्युसिल रांदों यांच्याकडे गेला. त्या १७ जानेवारी २०२३ रोजी वारल्या. मग स्पेनमधील मारिया ब्रान्यास मोरेरा १९ ऑगस्ट २०२४ पर्यंत, जपानच्या तोमिको इतोका २९ डिसेंबर २०२४ पर्यंत आणि ब्राझीलच्या इना कानाबारो लुकास ३० एप्रिल २०२५ पर्यंत त्या स्थानी होत्या, आणि त्या दिवशी तो मान इंग्लंडच्या एथेल कॅटरहॅम यांच्याकडे आला. जेमतेम तीन वर्षांत पाच वेळा नाव बदलले. इतोकांच्या वाट्याला १३२ दिवस आले आणि लुकास यांच्या वाट्याला १२२. त्यामुळे कोणत्याही लेखात, प्रस्तुत लेखातही, छापलेले नाव ‘सध्याचे’ मानू नये. ते त्या तारखेपुरते खरे असते.

या वेगाचे कारण साधे आहे. प्रौढ वयात मृत्यूची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होत जाते, हे १८२५ साली बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी मांडलेल्या नियमाचे सार आहे. मात्र अतिवृद्धापकाळात ही चढण सपाट होते, असे इटलीतील १०५ वर्षांवरील लोकांच्या नोंदींवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ११० वर्षे पूर्ण केलेल्यांपैकी, ज्यांना सुपरसेंटेनेरियन म्हणतात, ढोबळमानाने निम्मे लोक पुढचा वाढदिवस पाहत नाहीत. प्रत्येकाच्या नावाने दरवर्षी एक नाणे उडवावे, छापा पडला तर नाव राहील आणि काटा पडला तर जाईल, असा हा हिशेब आहे. आपण पन्नास नावांची यादी केली तर वर्षभरात पंचवीसेक नावांवर रेघ ओढावी लागेल, म्हणजे सरासरी दर पंधरवड्याला एक. म्हणून यादी आठवड्यातून एकदा पाहावी. रोज पाहण्याची गरज नाही, आणि खरे सांगायचे तर रोज पाहणे मनालाही बरे नव्हे.

वहीची आखणी

वही कागदी असो वा संगणकावरची, रकाने सारखेच लागतात : नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, सध्याचा देश, पडताळणी कोणी केली, हयात असल्याची शेवटची खात्रीलायक बातमी कोणत्या तारखेची, मृत्यूची तारीख, आणि ती आपल्याला कळल्याची तारीख. वयाचा रकाना ठेवू नये; वय रोज बदलते, जन्मतारीख बदलत नाही. वय हवे तेव्हा मोजावे.

शेवटच्या दोन तारखा वेगळ्या ठेवण्याचा धडा मला चांगलाच मिळाला. १ जानेवारी २०२५ रोजी, नव्या वर्षाचे पान उघडताना, मी पहिल्या ओळीत तोमिको इतोका यांचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले आणि पुढे ‘हयात’ असा शेरा मारला. त्या २९ डिसेंबरलाच वारल्या होत्या. बातमी जगाला कळली ४ जानेवारीला. जपानी कुटुंबे आणि नगरपालिका बहुधा अंत्यविधी आटोपल्यावरच असे वृत्त जाहीर करतात, तेव्हा पाच-सात दिवसांचे अंतर पडणे नेहमीचे आहे. तेव्हापासून मी ‘हयात’ असा शेरा मारत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत हयात’ असे लिहितो.

वय मोजण्याची पद्धत वर्षे आणि दिवस अशी असते, महिने येत नाहीत. शेवटच्या वाढदिवसापर्यंत पूर्ण झालेली वर्षे घ्यावीत आणि तेथून पुढचे दिवस मोजावेत. उदाहरणार्थ, मारिया ब्रान्यास यांचा जन्म ४ मार्च १९०७ चा आणि मृत्यू १९ ऑगस्ट २०२४ चा. ४ मार्च २०२४ रोजी त्यांना ११७ वर्षे पूर्ण झाली. पुढे मार्चचे २७, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे १९ मिळून १६८ दिवस होतात, म्हणजे वय ११७ वर्षे १६८ दिवस. हे गणित दोन-चार वेळा हाताने करून पाहावे, म्हणजे पुढे यंत्राने दिलेल्या उत्तरातली चूक डोळ्यांना टोचू लागते. याच पद्धतीने इतोका यांचे आयुष्य ११६ वर्षे २२० दिवस भरते आणि लुकास यांचे ११६ वर्षे ३२६ दिवस. इतोका २३ मे १९०८ च्या आणि लुकास ८ जून १९०८ च्या, म्हणजे सोळा दिवसांनी धाकट्या. पण जगल्या त्या इतोकांपेक्षा अधिक. ‘आधी कोण जन्मले’ आणि ‘अधिक कोण जगले’ या दोन निराळ्या याद्या आहेत, आणि वर्तमानपत्रांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

संगणकावर एक्सेल वापरणाऱ्यांनी दोन खड्डे ओळखून ठेवावेत. पहिला असा की एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्याआधीची तारीख लिहिली तर ते तिला नुसता मजकूर समजते आणि वजाबाकी करत नाही. शिवाय १९०० हे लीप वर्ष नसताना एक्सेल ते लीप वर्ष धरते. आज हयात असलेल्यांच्या यादीला याचा फारसा उपद्रव नाही, पण इतिहासातील नोंदी करताना तो होतोच. आजवरचे सर्वाधिक वयाचे सिद्ध झालेले पुरुष, जपानचे जिरोएमोन किमुरा, १९ एप्रिल १८९७ चे होते. ते १२ जून २०१३ रोजी ११६ वर्षे ५४ दिवसांचे होऊन वारले, आणि हे ५४ दिवस एक्सेल सरळ वजाबाकीने सांगू शकत नाही. गूगल शीट्समध्ये ही अडचण येत नाही. दुसरा खड्डा वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याचा. कॅटरहॅम यांची जन्मतारीख २१/८/०९ अशी घाईने भरली तर यंत्र ते २००९ समजते आणि शतायुषी बाई शाळकरी होतात.

तारीख नेहमी त्या त्या स्थळाची धरावी. जपानचे घड्याळ मुंबईच्या साडेतीन तास पुढे आहे आणि ब्राझीलचा पूर्व व दक्षिण भाग साडेआठ तास मागे. सकाळी सहाला आपण मोबाइलवर ‘आज निधन’ असे वाचतो, तेव्हा ब्राझीलमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात.

नावे कोठून घ्यावीत

या क्षेत्रात पडताळणी करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. लॉस एंजेलिस येथे १९९० मध्ये सुरू झालेला जेरोंटॉलॉजी रिसर्च ग्रुप ही त्यांतली जुनी व मान्यवर संस्था. लॉन्जेव्हिक्वेस्ट ही अलीकडची, पण वृद्धांना प्रत्यक्ष भेटणारी आणि वृत्त लवकर देणारी. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सची प्रसिद्धी सर्वांत मोठी असली तरी तेथे प्रामुख्याने सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती, सर्वांत वयोवृद्ध पुरुष असे मानकरी कळतात. दहाव्या किंवा चाळिसाव्या क्रमांकावर कोण आहे हे पाहायचे तर पहिल्या दोन संस्थांच्या याद्यांकडे वळावे लागते. विकिपीडियावरील यादी सोयीची आहे, पण ती या संस्थांच्याच आधारावर चालते, त्यामुळे तिला स्वतंत्र साक्षीदार मानू नये. एकाच बातमीच्या चार नकला म्हणजे चार पुरावे, असा समज सेवापुस्तकांच्या कामातही फार नडतो.

दोन याद्यांत तफावत आढळली तर दचकू नये. एका संस्थेपुढे आलेली कागदपत्रे दुसरीपुढे आलेली नसतात, इतकेच त्याचे कारण असते. अशा नावापुढे कोणी मान्यता दिली आणि कोणाची बाकी आहे, हे लिहून ठेवावे.

देशोदेशींच्या सरकारी घोषणांकडेही लक्ष असावे. जपानचे आरोग्य मंत्रालय दर सप्टेंबरात, ज्येष्ठांच्या सन्मानदिनाच्या तोंडावर, शतायुषींची संख्या जाहीर करते. १९६३ साली ती १५३ होती. २०२४ मध्ये ९५,११९ आणि २०२५ मध्ये ९९,७६३ झाली, आणि त्यांत सुमारे ८८ टक्के स्त्रिया आहेत. या प्रमाणावरून पुरुषांची यादी स्वतंत्र का ठेवावी हेही समजते, कारण सामायिक यादीत पुरुष शोधूनच काढावा लागतो. २०२४ हे वर्ष त्या यादीसाठी मोठ्या धामधुमीचे गेले. व्हेनेझुएलाचे जुआन व्हिसेंते पेरेझ मोरा २ एप्रिलला वारले, इंग्लंडचे जॉन टिनिसवुड २५ नोव्हेंबरला, आणि मान ५ ऑक्टोबर १९१२ रोजी जन्मलेल्या ब्राझीलच्या जुआओ मारिन्यो नेटो यांच्याकडे गेला.

काही नावे कधीच मिळत नाहीत. जपानमध्ये अनेक कुटुंबे नाव प्रसिद्ध करू देत नाहीत; केवळ प्रांत, लिंग आणि वय कळते. वहीत तेवढेच लिहावे. नाव हुडकून काढण्याचा खटाटोप हा या छंदाचा भाग नव्हे.

तीन वयांचे तीन कागद

आता कागदांविषयी. मला या छंदाचा सर्वांत रसाळ भाग हाच वाटतो, आणि वेळही त्यातच सर्वाधिक जातो. पडताळणी करणारे ढोबळमानाने आयुष्याच्या तीन टप्प्यांवरील पुरावे मागतात. जन्माच्या सुमाराचा, म्हणजे जन्मनोंद, बाप्तिस्म्याची नोंद किंवा बालपणीची जनगणना. मधला, म्हणजे विवाह, नोकरी, मुलांचे जन्म. आणि अलीकडचा, म्हणजे ओळखपत्र वा पेन्शनचा कागद. या तिन्हींतून एकच व्यक्ती चालत आली आहे हे दिसले पाहिजे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९०९ ला जन्मलेले मूल १९११ च्या जनगणनेत दीड वर्षाचे म्हणून सापडायला हवे. तेथे १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली, पण १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने ती पोकळी काहीशी भरून निघते. जपानमध्ये १८७२ पासून कोसेकी ही कुटुंबनोंद चालत आली आहे, तर ब्राझीलमध्ये चर्चची दप्तरे कामी येतात.

कागद असला म्हणजे माणूस सिद्ध झाला, असे मात्र समजू नये. २०१० साली तोक्योत १११ वर्षांचे म्हणून नोंदलेले एक गृहस्थ सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारल्याचे आणि त्यांची पेन्शन घरात येत राहिल्याचे उघडकीस आले. त्यानंतर देशभरची कोसेकी तपासली, तेव्हा कागदोपत्री शंभरी ओलांडलेल्या पण ठावठिकाणा नसलेल्या २,३४,३५४ व्यक्ती आढळल्या. त्यांच्या मृत्यूची नोंदच कोणी केली नव्हती. जन्मनोंद जगात नमुनेदार मानावी अशी, आणि हयातीच्या दाखल्याची बाजू मात्र रिकामी.

उलट्या बाजूचे उदाहरणही जपानचेच. शिगेचियो इझुमी १९८६ साली वारले तेव्हा १२० वर्षांचे मानले गेले आणि गिनेसनेही ते वय वर्षानुवर्षे छापले. पुढे अशी शंका बळावली की त्यांच्या नावावर लागलेली जन्मनोंद बालपणी वारलेल्या थोरल्या भावाची असावी. हा दावा आता मान्य धरला जात नाही. वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत अनेक समाजांत होती, आणि संशोधकांना सर्वाधिक चकवा तिनेच दिला आहे.

सर्वोच्च विक्रमाचीही अशी झाडाझडती झाली आहे. फ्रान्समधील आर्लच्या झान काल्मां २१ फेब्रुवारी १८७५ ते ४ ऑगस्ट १९९७, म्हणजे १२२ वर्षे १६४ दिवस जगल्या. आपल्याकडे एक हजार पौर्णिमा पाहिल्या की सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो, तो साधारण एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर. या बाईंच्या आयुष्यात दीड हजारांहून अधिक पौर्णिमा येऊन गेल्या. २०१८ मध्ये दोन रशियन संशोधकांनी असे मांडले की १९३४ साली वारली ती झान, आणि पुढे तिच्या नावाने जगली ती तिची मुलगी इव्हॉन. मूळ पडताळणी करणाऱ्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये नोटरीचे दस्त, जनगणना आणि नातेसंबंध पुन्हा मांडून या तर्काला उत्तर दिले, आणि विक्रम कायम राहिला. वहीत मी या नावापुढे दोन्ही वर्षे लिहिली आहेत. आक्षेप फेटाळला गेला तरी त्याची नोंद खोडू नये.

अमेरिकेच्या आकड्यांवर संशोधक सॉल न्यूमन यांनी केलेल्या कामाला २०२४ चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. ज्या राज्यांत जन्मदाखला देण्याची पद्धत सुरू झाली, तेथे ११० वर्षांवरील नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटल्या, असे त्यांनी दाखवले. कागद आला आणि म्हातारी माणसे नाहीशी झाली, असा त्याचा मिस्कील अर्थ होतो.

आपल्याकडचे दावे

भारतीय वाचकाच्या मनात येथे हटकून प्रश्न येतो की या यादीत आपली माणसे का नाहीत. २०११ च्या जनगणनेत भारतात शंभर व त्यावरील वयाच्या सहा लाखांहून अधिक व्यक्ती नोंदल्या गेल्या, तेव्हा जपानात त्यांची संख्या सत्तेचाळीस हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर आपण जपानलाही मागे टाकले, आणि तेही सरासरी आयुर्मान कितीतरी कमी असताना. हे शक्य नाही हे उघड आहे. वय माहीत नसले की माणसे पाच-दहाच्या पटीत वय सांगतात; सत्तरी, ऐंशी, नव्वदी आणि मग थेट शंभरी.

सेवापुस्तके तपासताना याचाच दुसरा अवतार मी रोज पाहत असे. एका कार्यालयातील एका गठ्ठ्यात चाळीसपैकी अकरा जणांची जन्मतारीख १ जून होती. पहिल्या वर्षी मी चकित झालो, पुढे हसू लागलो. जूनमध्ये शाळा उघडताना मुलाला घेऊन बाप यायचा, तारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजी वय पुरे पडेल असे वर्ष काढून १ जून टाकायचे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या कोणत्याही शतायुषीची तारीख १ जून दिसली, तर ती गुरुजींची देणगी समजावी आणि दुसरा कागद मागावा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. १८८६ चा कायदा होता, पण त्याखालील नोंदणी ऐच्छिक होती. मुंबईसारख्या शहरात महापालिकेची जुनी दप्तरे आहेत, वसई-वांद्र्याच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. गावात जन्मलेल्यांचे बहुधा काहीच नसते. याचा फटका वयोवृद्ध धावपटू फौजा सिंग यांना बसला. १ एप्रिल १९११ ही जन्मतारीख पासपोर्टवर असूनही, २०११ मध्ये टोरोंटोची मॅरेथॉन पुरी केल्यावर जन्मदाखल्याअभावी गिनेसने विक्रम नोंदवला नाही. ते जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ रस्त्यावरील अपघातात वारले. वाराणसीचे स्वामी शिवानंद यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पासपोर्टवर १८९६ हे वर्ष होते, पण पासपोर्ट हा उत्तरायुष्यातला कागद आहे आणि बालपणाचा पुरावा त्याने होत नाही. अशा व्यक्तींचा आदर पूर्ण ठेवावा आणि नाव ‘दावा’ या वेगळ्या पानावर लिहावे.

कागदांची साखळी आपल्याकडे असूच शकत नाही असेही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२, म्हणजे १०४ वर्षे २०५ दिवस जगले. १८८१ ची मॅट्रिक, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ ची पदवी, १८९१ पासून फर्ग्युसनमधील अध्यापन, १९५८ चा भारतरत्न, असा माणूस दशकादशकाला कागदावर दिसत राहतो. नवशिक्याने सरावासाठी हयात प्रथम श्रेणी क्रिकेटपटूंची वयवार यादी घ्यावी, असेही मी सुचवेन. क्रिकेटची धावपत्रके हा आयुष्याच्या मधल्या टप्प्याचा उत्तम पुरावा आहे, आणि मुंबईकराला तो परका नाही. २६ जानेवारी १९२० चे वसंत रायजी वाळकेश्वरला राहत आणि १३ जून २०२० रोजी वारले, तेव्हा ते जगातील सर्वांत वयोवृद्ध प्रथम श्रेणी क्रिकेटपटू होते.

मराठी स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. लग्नात आडनाव तर बदलतेच, पण जुन्या घरांत पाळण्यातले नावही बदलत असे. माहेरची गोदावरी सासरी रमाबाई झाली, की जन्माचा कागद एका नावाचा आणि बाकी सारे आयुष्य दुसऱ्या नावाचे. जोडणारा दुवा असतो तो लग्नपत्रिकेत, माहेरच्या वंशावळीत किंवा भावाने केलेल्या मनीऑर्डरच्या पावतीवर. जन्मपत्रिका मिळाली तर शक ताडून घ्यावा : शकाच्या आकड्यात ७८ मिळवावेत, आणि जन्म १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९. गुजराती शेजाऱ्यांच्या कार्तिकी संवतात, कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७ आणि पुढे ५६ वजा करावेत.

गिरगावातील एका चाळीत शतायुषी आजींच्या सत्काराचा फलक लागला, तेव्हा मला वय ‘बघून’ देण्याची विनंती झाली. घरचे १०४ सांगत होते. आधार कार्डावर १ जानेवारी होती, म्हणजे तारीख ठाऊक नसल्याची कबुलीच. आजींना सन सांगता येईना. मी विचारले, “आजी, गोदीचा स्फोट झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?” त्या म्हणाल्या, “इथंच. काचा फुटल्या. थोरला पाळण्यात होता, मी त्याच्यावर पदर धरला.” स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. थोरल्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर डिसेंबर १९४३ सापडले, आणि ती तारीख १ जून नव्हती. लग्नानंतर तीन वर्षांनी मूल झाले आणि लग्नात त्या सतरा-अठराच्या होत्या, हे माहेरच्या भाच्याने स्वतंत्रपणे सांगितले. यावरून जन्म १९२२ ते १९२३ चा ठरतो. मी यजमानांना तसे सांगितले. फलक मात्र बदलला नाही, आणि तो बदलावा असा आग्रह मी धरला नाही. माझ्या वहीत ‘दावा’च्या पानावर आजींचे वर्ष पेन्सिलीने लिहिले आहे.

जुन्या नोंदी फिरतात तेव्हा

वही नीट लावली तरी इतिहास मागाहून बदलतो. २००५ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक्ये फान आन्देल-स्किपर वारल्या, तेव्हा त्या जगातील सर्वांत वयोवृद्ध मानल्या जात होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात इक्वेडोरच्या मारिया कापोव्हिला यांची कागदपत्रे मान्य झाली. त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १८८९ चा, म्हणजे डच बाईंच्या नऊ महिने आधीचा, तेव्हा २००४ पासूनचा मान खरे तर कापोव्हिलांचा ठरला. अशा वेळी जुनी ओळ खोडू नये. ‘त्या वेळी मान्य’ आणि ‘आज मान्य’ असे दोन रकाने ठेवावेत.

दुसरी अडचण बातमीच न येण्याची. वाढदिवशी स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्र येते, नगराध्यक्ष पुष्पगुच्छ देतात, आणि तोच त्या व्यक्तीचा वार्षिक हयातीचा दाखला असतो. वाढदिवस उलटून महिना झाला तरी काही दिसले नाही, तर मी नावाच्या डाव्या बाजूला टिंब देतो. शेवटच्या खात्रीलायक बातमीला वर्ष उलटले, तर नाव अनिश्चितांच्या पानावर हलवतो. मृत्यू गृहीत धरू नये, हयातही गृहीत धरू नये. चौकशीसाठी कुटुंबाला वा वृद्धाश्रमाला फोन लावण्याचा मोह टाळावा. ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांचे वार्ताहर ते करतात. मुंबईहून अवेळी खणाणणारा आपला फोन कोणालाच नको असतो.

कॅटरहॅम यांच्या चरित्रात आपल्याला खुणावणारा एक तपशील आहे. वयाच्या अठराव्या वर्षी त्या एका इंग्रज कुटुंबाची मुले सांभाळायला भारतात आल्या आणि तीन वर्षे राहिल्या. त्या बॅलार्ड पिअरवर उतरल्या असतील, असे लिहायला माझा हात शिवशिवला. बोटीच्या प्रवाशांच्या यादीत नाव हाती येईपर्यंत ती जागा वहीत कोरी आहे.

मृत्यूचे वृत्त आल्यावर घाईने रेघ ओढू नये. दोन स्वतंत्र ठिकाणी तारीख जुळली की मृत्यूची आणि कळल्याची अशा दोन्ही तारखा भराव्यात, वर्षे आणि दिवस हाताने मोजून लिहावेत, मग पट्टी धरून नावाखालून, नावावरून नव्हे, रेघ ओढावी, म्हणजे नाव वाचता येत राहते. त्यानंतर खालच्या नावाच्या शेवटच्या बातमीची तारीख पाहावी. ती आठ महिन्यांपूर्वीची असेल तर पहिल्या क्रमांकावर लगेच कोणाला बसवू नये. आठवडाभर थांबावे.